‘उड्डाणानंतर काहीही कळले नाही’: बर्लिन मोहिमेतल्या बेपत्ता लँकेस्टरचा माग कसा काढायचा?

पानगळ

बर्लिनवरच्या हवाई मोहिमेच्या काळातली (नोव्हेंबर १९४३ ते मार्च १९४४) आरएएफच्या (ब्रिटिश हवाई दलाच्या) बॉम्बर कमांडची स्क्वाड्रन-दप्तरं वाचताना एकाच साच्याची नोंद सारखी समोर येते. लँकेस्टर या चार इंजिनांच्या बॉम्बर विमानाचा क्रमांक, क्रूची सात नावं, उड्डाणाची वेळ आणि पुढे एकच ओळ: उड्डाणानंतर या विमानाकडून काहीही कळले नाही. कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाची यादी काढली तर त्या सातांपैकी पाच जण बर्लिनच्या दफनभूमीत एका सामाईक कबरीत आणि दोघे रनीमीडच्या स्मारकावर, म्हणजे कबर न सापडलेल्यांत.

अशा विमानाबद्दल पुढे किती शोधता येतं आणि कशाच्या आधारावर? वायरलेस होता, तो चालवायला वेगळा माणूस होता, तरी एक संदेशही का नाही? विमान एकच पडलं, मग पाच सापडले आणि दोन नाहीत हे कसं? आणि सातही जणांकडे पॅराशूट असताना इतक्या विमानांतून एकही माणूस जिवंत का बाहेर पडला नाही?

दप्तरखाना

‘काहीही कळले नाही’ ही ओळ दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्वाड्रनच्या कारकुनाने लिहिलेली असते आणि पुढे ती सहसा कुणी सुधारत नाही. त्यामुळे ती ओळ म्हणजे तपासाचा निष्कर्ष नव्हे. तपास नंतर झाला, वेगळ्या खात्याने केला आणि त्याची कागदपत्रं वेगळ्या ठिकाणी आहेत.

सुरुवात विमानाच्या सीरियल क्रमांकापासून करा, स्क्वाड्रनच्या अक्षरांपासून नको. दोन इंग्रजी अक्षरं आणि तीन आकडे हा सीरियल त्या एकाच विमानाचा असतो. बाजूवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं सांकेतिक नाव मात्र विमान गेलं की आठवड्याभरात नव्या विमानाला मिळायचं. एकाच हिवाळ्यात त्याच अक्षरांची तीन विमानं गेलेली सापडतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

स्क्वाड्रनचं दप्तर ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात एआयआर २७ या मालिकेत आहे. त्यात फॉर्म ५४० म्हणजे महिन्याचा गोषवारा आणि फॉर्म ५४१ म्हणजे त्या रात्री गेलेल्या प्रत्येक विमानाचा तपशील. तुमच्या विमानाची ओळ रिकामी असली तरी त्याच पानावरच्या बाकीच्या विमानांच्या ओळी वाचा. कुठल्या उंचीवरून बाँब टाकले, लक्ष्यावर किती वाजता होते, परतताना कुठे विमानं जळत पडताना दिसली, हे सगळं तिथे असतं.

आता खरा शॉर्टकट. क्रूमध्ये एक जरी ऑस्ट्रेलियन असला तर ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली ए७०५ ही मालिका उघडा. त्या एका माणसाच्या फाइलमध्ये अख्ख्या क्रूची कागदपत्रं असतात: पहिली तार, जर्मनांकडून रेडक्रॉसमार्फत आलेली खबर, युद्धानंतर गावात जाऊन केलेल्या चौकशीचा अहवाल, कबर उकरल्यावर काय मिळालं त्याचं वर्णन. पुष्कळशा फाइली स्कॅन होऊन फुकट उपलब्ध आहेत. कॅनेडियन असेल तर युद्धात मरण पावलेल्यांच्या सेवा-फाइली खुल्या आहेत, त्याही जाडजूड. सातही ब्रिटिश असतील तर एआयआर ८१ मधल्या हवाई मंत्रालयाच्या अपघात-मृत्यू फाइलींवर भिस्त. त्या १९३९ पासून तारखेच्या क्रमाने खुल्या होत आल्या आहेत, म्हणून तुमची तारीख आली आहे का हे आधी बघा.

क्रूमध्ये सातऐवजी आठ नावं दिसली तर दचकू नका. आठवा बहुतेक वेळा अनुभवासाठी सोबत पाठवलेला नवा पायलट असतो. १०१ स्क्वाड्रनच्या विमानात मात्र तो जर्मन जाणणारा खास ऑपरेटर असायचा. शत्रूच्या रात्रीच्या लढाऊ विमानांना जमिनीवरून मिळणारे आदेश ऐकून त्यांच्या वारंवारितेवर गोंगाट सोडणं हे त्याचं काम.

पाच आणि दोनच्या कोड्याचा अर्धा उलगडा आयोगाच्या संकेतस्थळावरच आहे. कबरीचा क्रमांक नीट वाचा. ‘सामाईक कबर, ३ ते ७’ असं असेल तर अवशेष वेगळे करता आले नाहीत. प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक असेल तर ओळख पटली. ज्यांची नावं माहीत आहेत पण कोण कुठला हे सांगता येत नाही, त्यांचे शिलालेख एकमेकांना चिकटून उभे केलेले असतात. नावाच्या पानावर खाली जुनी कागदपत्रं स्कॅन केलेली असली तर कबरी-एकत्रीकरणाचा तक्ता उघडा. त्यात आधीच्या दफनाची जागा असते: गाव, चर्चचं आवार, नकाशाचा संदर्भ. बर्लिनच्या दफनभूमीत आज ज्या कबरी आहेत त्यातल्या बऱ्याचशा पूर्व जर्मनीतल्या गावागावांतून नंतर हलवलेल्या आहेत. दफनभूमी बर्लिनमध्ये आहे म्हणून विमान बर्लिनवर पडलं असं समजू नका. मूळ गाव मिळालं की विमान पडल्याची जागा सहसा चार-पाच किलोमीटरच्या आत येते.

कंपासपेटी

गाव मिळालं की ते त्या रात्रीच्या ठरलेल्या मार्गावर मांडून बघायचं. वळणाचे बिंदू, उंची आणि विमानांच्या लाटांच्या वेळा बॉम्बर कमांडच्या एआयआर १४ मालिकेतल्या रात्रीच्या हल्ल्यांच्या अहवालांत मिळतात. पण मार्गाची रेघ म्हणजे रूळ नव्हे. शेकडो विमानं दिवे विझवून, एकमेकांना न दिसता जायची आणि प्रत्येकाचा नेव्हिगेटर आपापला वारा मोजायचा. दहा-पंधरा किलोमीटर इकडेतिकडे असणं ही त्या काळी चांगली कामगिरी.

याचं टोकाचं उदाहरण २४/२५ मार्च १९४४, बर्लिनवरचा मोहिमेतला शेवटचा मोठा हल्ला. ८११ विमानं गेली, ७२ परतली नाहीत. उत्तरेकडून ताशी १०० मैलांहून जास्त वारा होता आणि हवामानाच्या अंदाजात तो नव्हता. पद्धत अशी होती की काही निवडक विमानांनी वारा मोजून मुख्यालयाला कळवायचा, मुख्यालयाने सरासरी काढून तो सगळ्यांना प्रसारित करायचा. त्या रात्री नेव्हिगेटरांना स्वतःच्याच आकड्यांवर विश्वास बसेना, म्हणून काहींनी ते कमी करून पाठवले. मुख्यालयालाही ते पटेनात, तिथे आणखी कात्री लागली. परिणामी सगळा ताफा दक्षिणेकडे सरकत गेला आणि परतताना बरीच विमानं सरळ ऱ्हूर या औद्योगिक पट्ट्याच्या विमानविरोधी तोफांवरून गेली. त्या रात्रीचं विमान ठरल्या मार्गापासून १०० किलोमीटरवर सापडलं तरी त्यात गूढ काही नाही.

आता वेळ. इथे सगळ्यांत जास्त लोक घसरतात. नेव्हिगेटरची नोंद ग्रीनिच वेळेत. स्क्वाड्रनचं दप्तर ब्रिटनच्या स्थानिक वेळेत असू शकतं. जर्मन कागद जर्मन वेळेत. आणि युद्धकाळात ब्रिटनमध्ये घड्याळ हिवाळ्यातही एक तास पुढे होतं, उन्हाळ्यात दोन तास.

१९४३-४४ च्या हिवाळ्यात ब्रिटनची स्थानिक वेळ आणि जर्मनीची वेळ एकच, दोन्ही ग्रीनिचच्या एक तास पुढे. म्हणजे बर्लिन मोहिमेच्या बहुतेक रात्रींना दप्तराची वेळ जर्मन नोंदीशी थेट ताडता येते, नेव्हिगेटरच्या नोंदीत मात्र एक तास मिळवावा लागतो. पण १९४३ मध्ये ब्रिटनने दुहेरी उन्हाळी वेळ १५ ऑगस्टला संपवली आणि जर्मनीने आपली उन्हाळी वेळ ४ ऑक्टोबरपर्यंत चालू ठेवली. त्या सात आठवड्यांत जर्मन घड्याळ एक तास पुढे होतं. पेनेम्युंडेवरचा १७/१८ ऑगस्टचा हल्ला नेमका त्यात येतो. हा एक तास न धरता केलेल्या जुळवण्या इंटरनेटवर डझनांनी आहेत आणि त्यांत विमान खरं पडलं त्यापेक्षा तासभर उशिरा पडतं.

तारखेचंही तसंच. हल्ला १५/१६ च्या रात्रीचा असेल तर कबरीवर १५ किंवा १६ काहीही असू शकतं. शोधताना दोन्ही तारखा घाला.

इंधनावरून एक बाहेरची मर्यादा काढता येते. लँकेस्टरच्या पंखांत सहा टाक्या, प्रत्येक बाजूला ५८०, ३८३ आणि ११४ गॅलन, एकूण २,१५४. सरासरी ताशी २०० गॅलन धरले तर टाक्या काठोकाठ असल्या तरी सुमारे पावणेअकरा तासांच्या पुढे विमान हवेत राहूच शकत नाही. बर्लिनची फेरी सात ते आठ तासांची. म्हणून ‘पहाटे उशिरा समुद्रावर इंजिनाचा आवाज ऐकला’ अशी कुठली साक्ष भेटली तर आधी ही वजाबाकी करा.

खालचा_हॅच

वायरलेसचं उत्तर सोपं आहे. तो बोलण्यासाठी नव्हताच. शत्रूच्या मुलखावर वायरलेस ऑपरेटर फक्त ऐकायचा, दर अर्ध्या तासाला ग्रुपचं प्रसारण टिपून घ्यायचा. पाठवायचं म्हणजे आपली जागा जर्मन दिशाशोधकांना सांगणं. वर कंपासपेटी यांनी सांगितलेली वारा कळवणारी विमानं हा अपवाद. समुद्रात उतरायची वेळ आली तर एसओएस पाठवून कळ दाबून ठेवायची पद्धत होती, म्हणजे किनाऱ्यावरच्या केंद्रांना दिशा मिळावी. त्यासाठी काही मिनिटं हातात लागतात. पंखाला आग लागलेल्या विमानात ती मिळत नव्हती.

कारण हल्ला खालून व्हायचा. १९४३ च्या उन्हाळ्यापासून जर्मन रात्रीच्या लढाऊ विमानांच्या पाठीत वर तोंड करून तिरक्या तोफा बसू लागल्या, बहुधा २० मिलिमीटरच्या जोडीने, सुमारे ७० अंशांच्या कोनात. ‘श्रेगे म्युझिक’ हे या तोफांचं टोपणनाव. लढाऊ विमान रडारवर माग काढत बॉम्बरच्या खाली येणार, आकाशाच्या उजेडावर त्याची आकृती दिसली की त्याच्या वेगाने खाली सरकत राहणार आणि दोन इंजिनांच्या मधल्या पंखावर नेम धरणार. पोटावर नेम धरत नसत, कारण वर ४,००० पौंडांचा ‘कुकी’ बाँब आणि त्याच्या भोवती आगलाव्या बाँबच्या पेट्या. तो फुटला तर मारणाराही संपला. पंखात इंधनाची टाकी. प्रकाशरेषा न सोडणारा दारूगोळा वापरत, म्हणून शेजारच्या विमानांनाही फक्त अचानक पेटलेलं विमान दिसायचं. आकाशात विमान फुटताना बघून क्रूंमध्ये अशी समजूत पसरली होती की जर्मन तोफा विमान फुटल्यासारखे दिसणारे ‘बुजगावणे’ गोळे उडवतात. तसे गोळे नव्हते. ती खरी विमानं होती.

लँकेस्टरला पोटाखाली बघायला कुणी नव्हतं. आठ ब्राउनिंग मशिनगन होत्या, नाकात दोन, पाठीवर दोन, शेपटीत चार. सगळ्या .३०३ इंचांच्या आणि एकही सरळ खाली न वळणारी.

आता बाहेर पडणं. हे एकदा डोळ्यांपुढे आणा. नाकात जमिनीला एक हॅच, म्हणजे झाकण असलेली वाट, रुंदी २२ इंच. त्यावरच बाँब-एमर, म्हणजे बाँबचा नेम धरणारा, पालथा पडलेला असतो. झाकण आत उचलायचं, तिरपं करायचं आणि बाहेर टाकायचं. वाऱ्याच्या माऱ्याने ते तिथेच आडवं अडकलं की वाट बंद. त्यातून आधी बाँब-एमर, मग फ्लाइट इंजिनियर, नेव्हिगेटर आणि पायलट शेवटी, कारण तोवर विमान सरळ धरून ठेवणारा तोच. पायलट पॅराशूटवर बसलेला असायचा. बाकीच्यांच्या अंगावर फक्त पट्टे. पॅराशूटचं गाठोडं जवळच्या कप्प्यात, ते काढून छातीवरच्या दोन हुकांना अडकवायचं, तेही अंधारात, जाड हातमोज्यांनिशी.

वायरलेस ऑपरेटर पंखाच्या मुख्य तुळईच्या पुढे बसतो. मागच्या दाराकडे जायचं तर मांडीइतक्या उंच तुळया ओलांडून जायचं. मागचं दार उजव्या बाजूला आणि त्याच्या पुढ्यातच शेपटीचा आडवा पंख, म्हणून तिथून उडी शेवटचा उपाय म्हणूनच सांगितलेली. छतावरचे हॅच पाण्यावर उतरल्यानंतरचे, हवेत निरुपयोगी. शेपटीच्या गनरचं पॅराशूट तर टरेटच्या (बंदुकांच्या फिरत्या कक्षाच्या) बाहेर, विमानाच्या धडात. टरेट सरळ मागे आणायचा, पाठीमागची दारं उघडायची, हात मागे घालून पॅराशूट घ्यायचं, अडकवायचं, टरेट पुन्हा आडवा फिरवायचा आणि पाठीवर बाहेर पडायचं. टरेट फिरवणारा हायड्रॉलिक पंप डाव्या बाहेरच्या इंजिनावर चाले. ते इंजिन गेलं की टरेट हाताने फिरवायचा.

हे सगळं विमान सरळ उडतंय असं धरून. पंख तुटून गिरक्या सुरू झाल्या की माणूस जिथे असेल तिथे दाबला जातो आणि हात उचलत नाही.

फ्रीमन डायसन त्या वेळी बॉम्बर कमांडच्या संशोधन विभागात होते. पाडलेल्या विमानांतून जिवंत वाचलेल्यांचं प्रमाण त्यांनी मांडलं: दिवसा उडणाऱ्या अमेरिकी विमानांत सुमारे ५० टक्के, हॅलिफॅक्स आणि स्टर्लिंग या दुसऱ्या ब्रिटिश बॉम्बर विमानांत २५, लँकेस्टरमध्ये १५. लँकेस्टरचा हॅच हॅलिफॅक्सपेक्षा दोन इंचांनी अरुंद होता. बाकी विमान प्रत्येक बाबतीत सरस आणि नेमकी ही बाब फार उशिरापर्यंत सुधारली नाही. लोक लँकेस्टरच्या गुणगानात हे सांगायला विसरतात.

पानगळ

खालून हल्ला आणि हॅच यांचा हिशेब आता जुळला. एक जोडप्रश्न. काही संकेतस्थळांवर अशा विमानासमोर जर्मन पायलटचं नाव, युनिट आणि मिनिटापर्यंतची वेळ छापलेली असते. ती किती खरी मानायची?

कंपासपेटी

नाव आलं म्हणजे कुणीतरी जुळवलं, एवढंच. मूळ जर्मन यादीत बॉम्बरचा सीरियल क्रमांक नसतो. वेळ, पायलट, युनिट, जागा किंवा नकाशाचा चौकोन आणि कधी उंची, बस. त्याला ब्रिटिश नुकसानीच्या यादीशी जोडणं हे नंतरच्या संशोधकांचं काम आणि त्यातलं काही पक्कं, काही निव्वळ अंदाज.

न्युरेंबर्गची रात्र घ्या, ३०/३१ मार्च १९४४. ७९५ विमानांपैकी ९५ गेली, त्यातली ६४ लँकेस्टर आणि ३१ हॅलिफॅक्स. बहुतेक पडझड जाताना साधारण तासाभरात, लांबलचक सरळ मार्गावर, चंद्रप्रकाशात. एकाच भागात दर मिनिटाला एक दावा असेल तर ‘०:३८, अमुक गावाच्या उत्तरेला’ हे तीन विमानांना लागू पडतं.

जुळणी मान्य करायला मी चार गोष्टी बघेन. जागा, वेळ, विमानाचा प्रकार, आणि त्या जागेच्या १५ किलोमीटरच्या आत त्या रात्री दुसरं कुठलं विमान पडलेलं नाही याची खातरजमा. चौथी गोष्ट कुणी तपासत नाही. प्रकारावर फार विसंबू नका, रात्री चार इंजिनांचं विमान दिसलं की जर्मन पायलट ‘लँकेस्टर’ किंवा ‘हॅलिफॅक्स’ अंदाजाने लिहायचे. शिवाय दाव्याची वेळ गोळ्या झाडल्याची असू शकते आणि पेटलेलं विमान पुढे २०-३० किलोमीटर गेलेलं असू शकतं. तोफखाना आणि लढाऊ विमान दोघांनीही एकाच बॉम्बरवर हक्क सांगितल्याची प्रकरणंही आहेत.

ब्रिटिश विमान जमिनीवर सापडल्यावर जर्मनांनी केलेल्या नोंदी जास्त भरवशाच्या. ब्रिटिश विमानांच्या नोंदी ‘केई’ अक्षरांनी सुरू होतात, अमेरिकी विमानांच्या ‘केयू’ने. जप्त झालेले हे कागद अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. प्रेतं किती, नावं कळली का, कुठे पुरली, हे त्यात येतं. तुमच्या पाच-दोनसाठी हाच कागद शोधा. पाच प्रेतं पुरल्याची नोंद असेल आणि सातातला कुणी कैदी झालेला नसेल, तर दोघे पाण्यात, दलदलीत किंवा स्फोटात गेले असा अर्थ निघतो.

माती_आणि_धातू

पाच-दोनच्या उरलेल्या अर्ध्या भागाबद्दल. युद्ध संपलं तेव्हा सुमारे ४२ हजार वैमानिक आणि क्रू बेपत्तांच्या यादीत होते. त्यांचा शोध घ्यायला आरएएफने वेगळी शोधसेवा उभी केली. तिचे अधिकारी गावोगाव जाऊन मेयर, पाद्री, कबर खणणारे यांना विचारत, कबर उकरत आणि जे मिळेल त्यावरून नाव ठरवत.

मिळायचं काय? ब्रिटिश ओळखबिल्ले दाबलेल्या फायबरचे, आगीत जळून जाणारे. अमेरिकी धातूचे बिल्ले टिकले, हे नाही. मग कपडे: कॉलरच्या आतला धोब्याचा नंबर, बाहीवरचा हुद्दा, छातीवरचं एका पंखाचं पदक. नेव्हिगेटरचं ‘एन’, बाँब-एमरचं ‘बी’, फ्लाइट इंजिनियरचं ‘ई’. हे तीन विमानात एकेकच, म्हणून पदक सापडलं की माणूस सापडला. ‘एजी’ म्हणजे एअर गनर मात्र दोन. आणि १९४३ अखेरपर्यंत वायरलेस ऑपरेटरही ‘एजी’च लावायचे, त्यांचं ‘एस’ नंतर आलं. म्हणजे ‘एजी’ पदकाचा एक माणूस सापडला तर तिघांपैकी कोण हे ठरत नाही. बेपत्ता दोघांत बऱ्याचदा एक गनर असतो तो याच भानगडीतून. कित्येकदा तो कुठेतरी ‘अज्ञात वैमानिक’ म्हणून पुरलेला आहे, फक्त नाव लावता आलेलं नाही. शेपूट तुटून दूर पडली असेल तर मागचा गनर दुसऱ्या गावाच्या हद्दीत, दुसऱ्या चर्चच्या आवारात गेला. म्हणून आसपासच्या दफनभूमींतल्या त्याच तारखेच्या अज्ञात कबरीही तपासा.

समुद्र किंवा आयसलमीर हे डच सरोवर असेल तर गणित वेगळं. लँकेस्टर ईडी६०३ हे ८३ स्क्वाड्रनचं विमान १२/१३ जून १९४३ च्या बोखुम हल्ल्यात गेलं. चौघांची प्रेतं त्यानंतर किनाऱ्याला लागली, तिघे बेपत्ता राहिले. २०२३ मध्ये डचांनी ते पाण्यातून वर काढलं. किनाऱ्याला लागलेल्या प्रेतावरून विमानाची जागा सांगता येत नाही, फक्त बाजू सांगता येते.

अवशेष सापडले तरी घाई नको. मार्करमीर या डच सरोवरातल्या स्टर्लिंगचा चाकाच्या सांगाड्याचा तुकडा २००८ मध्ये नांगराला लागून वर आला. पुढे बराच काळ ते विमान बीके७१० धरलं गेलं होतं. सिगारेटच्या डबीवरच्या आद्याक्षरांनी ते बीके७१६ ठरलं, २१८ स्क्वाड्रनचं, २९/३० मार्च १९४३ ला बर्लिनहून न परतलेलं. २०२० मध्ये ते काढलं. दोन सीरियलमध्ये फरक एका आकड्याचा आणि सात कुटुंबांचा.

प्रकार ओळखायला इंजिन बघा. गंजलेल्या ढिगाऱ्यात व्ही आकाराचं मर्लिन दिसलं म्हणून लँकेस्टर म्हणू नका, हॅलिफॅक्सच्या दुसऱ्या आणि पाचव्या मार्कालाही (आवृत्तीलाही) तेच. पॅकार्ड या अमेरिकी कंपनीची पाटी असलेलं मर्लिन मात्र लँकेस्टरच्या तिसऱ्या मार्काकडे बोट दाखवतं. हर्क्युलिस हे गोलाकार इंजिन असेल तर स्टर्लिंग, हॅलिफॅक्स तीन, किंवा लँकेस्टरचा दुर्मिळ दुसरा मार्क, तो फक्त ३०० बनला. इंजिनं जड, जवळजवळ सरळ खाली येतात आणि खोल जातात. पत्रे वाऱ्याबरोबर किलोमीटरभर पसरतात. सगळे तुकडे एका खड्ड्यात असतील तर विमान अखंड जमिनीवर आदळलं. पसरलेले असतील तर ते हवेतच तुटलं. बाहेर पडायला वेळ मिळाला होता का, हे यावरूनही थोडंफार कळतं.

शेतात काही दिसलं तर हात लावायचा नाही. चार पौंडांचे षटकोनी आगलावे बाँब अजून निघतात, दिसायला लोखंडी कांबीसारखे, पण मॅग्नेशियमचे आणि काहींत वर स्फोटकही. काही मोठ्या बाँबच्या फ्यूजमध्ये ॲसिटोनने सेल्युलॉइड विरघळून उशिरा फुटायची योजना असे. त्या न फुटलेल्यांचा भरवसा आज तेव्हापेक्षाही कमी. ब्रिटनच्या हद्दीत पडलेलं प्रत्येक लष्करी विमान १९८६ च्या कायद्याने आपोआप संरक्षित आहे. खणायला संरक्षण मंत्रालयाचा परवाना लागतो आणि मानवी अवशेष किंवा जिवंत दारूगोळा असण्याची शक्यता असली तर तो मिळत नाही. जर्मनीत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, पण बहुतेक ठिकाणी मेटल डिटेक्टर फिरवायलाही परवानगी लागते.

दप्तरखाना

इंजिनावर एक पुरवणी. इंजिनाची पाटी वाचता आली तरी नंबर कुठे ताडायचा हा प्रश्न येतो. विमानाच्या हालचालींचं कार्ड, म्हणजे फॉर्म ७८, त्यासाठी उपयोगाचं नाही. त्यात विमान कुठल्या युनिटला कधी गेलं आणि कधी नोंदीतून कमी केलं एवढंच. इंजिनांचे आणि ब्राउनिंगचे नंबर विमान न परतल्यावर स्क्वाड्रनने पाठवलेल्या कळवणीत असत आणि ती कळवणी मृत्यू-फाइलमध्ये लागलेली असते. शोधसेवेचे अधिकारी याच नंबरांवरून विमान ठरवायचे. बंदुकीचा नंबर इंजिनापेक्षा जास्त वेळा वाचता आलेला दिसतो, कारण ती जमिनीत खोल रुतत नाही.

पानगळ

मग क्रम असा धरतो: सीरियल, क्रूचं नागरिकत्व, ए७०५ किंवा कॅनडाची फाइल, एकत्रीकरणाचा तक्ता, केई नोंद, आणि जर्मन दावा सगळ्यांत शेवटी. वाचलेल्या एखाद्याचा जबाब असेल तर तो कुठे?

दप्तरखाना

बरोबर. कैदी झालेल्यांच्या सुटकेनंतर भरून घेतलेल्या प्रश्नावल्या डब्ल्यूओ ३४४ मध्ये, निसटून परत आलेल्यांचे जबाब डब्ल्यूओ २०८ मध्ये. प्रश्नावल्या आडनावाच्या क्रमाने आहेत, तारखेच्या नाही, म्हणून आधी नाव हवं. पण तुमच्या साच्यात सातही गेलेले आहेत, तिथे त्याच रात्री त्याच भागात पडलेल्या शेजारच्या विमानातल्या वाचलेल्याचं नाव काढा. पॅराशूटने उतरताना आणखी एखादं विमान पडताना दिसलं असेल तर ते कधीकधी तिथे लिहिलेलं असतं, दिशेसकट.